काढा आईचा, वाटा बाळाचाही

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील महिला आरोग्य मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



घरात बाळ जन्माला येते तेव्हा ते एकटे येत नाही. त्याच्या मागोमाग डिंक, हळीव, मेथी, सुंठ, खसखस, बाळंतशेपा, ओवा अशी वनस्पतींची एक पालखीच उंबरठा ओलांडून आत येते. स्वयंपाकघरातील एक फळी बाळंतिणीची होते. तिच्यावर शतावरी कल्पाची बरणी, दशमूलारिष्टाची बाटली आणि बाळगुटीची सहाण मांडली जाते. पूर्वी या फळीवर कोणती वस्तू किती दिवस राहणार हे घरातील आजी ठरवीत असे. आज आजीच्या जोडीला औषधांच्या दुकानातील विक्रेता, दूरचित्रवाणीवरील जाहिरात आणि मोबाइलवर रोज येऊन पडणारे संदेश हेही सल्लागार झाले आहेत. आजीला निदान एवढे ठाऊक असे की मेथीचा लाडू एक द्यावयाचा, चार नव्हे. संदेशाला मात्रा नसते.

बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : ‘आईला कोणती औषधे चालू आहेत?’ आणि उत्तरही बहुधा ठरलेले असते : ‘काही नाही.’ त्याच आईला सकाळी काढा, दुपारी कल्प आणि रात्री चूर्ण चालू असते. ती खोटे बोलत नसते. तिच्या मनात औषध म्हणजे गोळी, इंजेक्शन. काढा हा औषधात मोडतच नाही. डॉक्टर पुढचे निदान मात्र त्या ‘काही नाही’वर उभारतात.

‘झाडपाल्याचे आहे, अपाय काय व्हावयाचा?’ या वाक्यावर सर्वांची श्रद्धा आहे. वस्तुतः अफू झाडाचीच, धोतरा झाडाचाच, कण्हेर झाडाचीच. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या कित्येक स्त्रिया तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळागोळी’ चाटवून निजवीत असत. मूल दिवसभर शांत पडून राही. त्या शांततेचे मोल काही बाळांनी प्राणांनी चुकविले. तंबाखूही वनस्पतीच आहे, आणि महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत व शहरांतील वस्त्यांत ती मशेरीच्या रूपाने ‘दातांचे औषध’ म्हणून आजही बाळंतिणीच्या हिरड्यांवर फिरते. निकोटीन रक्तापेक्षा दुधात अधिक साठते, साधारण दीडपट ते तिप्पट. मशेरी लावणारी आई आपल्या तान्ह्याला दर दुधागणिक तंबाखूचा अंश पाजत असते, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावी लागेल. आईचे औषध दुधावाटे बाळाला पोहोचते, हे ज्ञान आधुनिक वैद्यकाची मिरासदारी नव्हे. सुश्रुतसंहितेत मुलांचे तीन वर्ग केले आहेत : केवळ दुधावरचे क्षीरप, दूध व अन्न दोन्ही घेणारे क्षीरान्नाद आणि अन्नावरचे अन्नाद. त्यानुसार औषध कोणास द्यावे हेही ठरविले आहे. क्षीरप बालकासाठी औषध दूध पाजणारीला द्यावयाचे, मधल्या वर्गात दोघांनाही आणि अन्नाद मुलाला थेट. याचा अर्थ दूध हे औषधाचे वाहन आहे, हे त्या ग्रंथकर्त्यास पुरते अवगत होते. जे वाहन हिताचे औषध नेते ते अहिताचेही नेणारच. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेतील ही सावधगिरी मात्र वाटेत कोठेतरी सांडली आहे.

चरकसंहितेतही असाच एक विचार करावयास लावणारा तपशील सापडतो. सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात पन्नास महाकषाय, म्हणजे दहा-दहा द्रव्यांचे गट, दिले आहेत. त्यांत दूध उत्पन्न करणारा ‘स्तन्यजनन’ गट वेगळा आणि दूध शुद्ध करणारा ‘स्तन्यशोधन’ गट वेगळा. स्तन्यजनन गटातील दहा द्रव्ये पाहिली तर वाळा, साळीचा व साठीचा भात, दर्भ, कुश, काश अशी तृणे आणि धान्येच प्रामुख्याने दिसतात. आज दूधवाढीचे जणू दुसरे नाव झालेली शतावरी त्या दहांत नाही. ती इतर ग्रंथांत व पुढील परंपरेत या कामासाठी येते, हे खरे. परंतु ‘हजारो वर्षांपासून हेच’ असे जाहिरातीत छापलेले वाचताना हा तपशील मनात ठेवण्याजोगा आहे.

आता दुधात काय उतरते आणि कसे, ते पाहू जाता विषय थोडा शास्त्रीय होतो. पण तो समजल्यावाचून पुढचे काहीच नीट लागत नाही. आईच्या पोटातून द्रव्य रक्तात जाते आणि रक्तातून स्तनातील पेशींच्या भिंती ओलांडून दुधात. ज्याचा रेणू लहान, जे स्निग्धांशात सहज विरघळते आणि जे रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून बसत नाही, ते सहज पलीकडे जाते. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत या पेशींमधल्या फटी मोठ्या असतात. पुढे त्या मिटतात. अर्थात पहिल्या दिवसांत दूधच अगदी थोडे असते, म्हणून एकूण प्रमाण फारसे नसते. बाळाच्या बाजूने पाहिले तर त्याचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून शिकाऊ असतात. प्रौढ शरीर जे काही तासांत बाहेर टाकते ते नवजाताच्या अंगात कितीतरी अधिक वेळ रेंगाळते. दिवस भरण्याआधी जन्मलेले, कावीळ झालेले वा दोन महिन्यांच्या आतील बाळ म्हणूनच सर्वांत जपण्याचे.

आधुनिक औषधांसाठी एक ढोबळ मोजपट्टी वापरली जाते. आई आपल्या वजनाच्या प्रमाणात जेवढे औषध घेते त्याच्या दहा टक्क्यांहून कमी अंश बाळाला त्याच्या वजनाच्या प्रमाणात मिळत असेल, तर ते औषध सामान्यतः स्तनपानात चालणारे मानतात. काढ्याला ही मोजपट्टी लावता येत नाही. एका मुळात शेकडो रसायने. त्यांतील कोणते मोजावयाचे? शिवाय माती, पाऊस, काढणीचा महिना, साठवण यांवर त्यांचे प्रमाण बदलते. बहुसंख्य वनौषधींबाबत दुधात काय किती उतरते याची मोजणीच झालेली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने २००६ मध्ये ‘लॅक्टमेड’ हा स्तनपान व औषधे यांवरील माहितीसंग्रह सर्वांस विनामूल्य खुला केला. त्यात शतावरी, मेथी, अश्वगंधा यांच्याही नोंदी आहेत आणि त्या वाचताना ‘पुरेशी माहिती उपलब्ध नाही’ अशा आशयाचे वाक्य पुनःपुन्हा भेटते. माहिती नसणे म्हणजे सुरक्षित असणे नव्हे, तसेच विषारी असणेही नव्हे. या दोन टोकांच्या मधल्या जागेत राहण्याची सवय फार थोड्यांना असते.

सर्वाधिक वनौषधी घेतल्या जातात त्या ‘दूध पुरत नाही’ या भीतीपोटी. बाळ रडले की सासूबाई म्हणतात, ‘सूनबाई, तुझं दूध कमी पडतंय गं.’ सुनेचा धीर तेथेच खचतो. वास्तविक दुधाचे यंत्र मागणीवर चालते. स्तन जितका रिकामा होईल तितके दूध नव्याने बनते. बाळाने नीट पकड घेतली आहे का, रात्रीचे पाजणे चुकवले जाते का, मध्येच वरच्या दुधाची बाटली दिली जाते का, हे प्रश्न शतावरीच्या आधीचे आहेत. बाळ पहिल्या दिवसांत थोडे वजन गमावते आणि बहुधा दहा ते चौदा दिवसांत जन्माचे वजन पुन्हा गाठते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी आणि वाढते वजन, एवढे असेल तर दूध पुरत आहे. रडणे हा त्याचा मापदंड नव्हे. खरोखरच कमी असेल तर त्यामागे थायरॉईडचा विकार, तीव्र रक्तक्षय, गर्भाशयात राहिलेला वारेचा तुकडा अशी कारणे असू शकतात. तेथे कल्प देत बसणे म्हणजे मूळ कारणाला मुदत देणे.

मग शतावरीने दूध वाढते की नाही? उत्तर सरळ नाही. १९९६ मध्ये ‘इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शतावरीयुक्त औषध घेणाऱ्या आणि केवळ दिखाऊ औषध घेणाऱ्या मातांत फरक आढळला नाही. २०११ मधील दुसऱ्या भारतीय अभ्यासात शतावरी घेणाऱ्या मातांच्या रक्तातील प्रोलॅक्टिन लक्षणीय वाढले. २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने दूधवाढीच्या वनौषधी व औषधे यांवरील ४१ चाचण्या, ३००५ माता, एकत्र करून तपासल्या. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की काही वनस्पतींनी दूध थोडे वाढत असावे, पण पुरावा इतका कच्चा आहे की किती वाढते आणि कोणती वनस्पती सरस हे सांगता येत नाही. दुष्परिणामांची नोंद तर बहुतेकांनी नीट केलेलीच नव्हती. शतावरीने मोठा अपाय झाल्याचे दिसत नाही, ही तिची जमेची बाजू. परंतु बाजारातील अनेक कल्पांत शतावरीहून साखरच अधिक असते. गरोदरपणात मधुमेह झालेल्या स्त्रीने बरणीवरील घटकांची यादी वाचल्याशिवाय तो दुधात ढवळू नये.

मेथीची कथा अधिक बोधक आहे. भाजीतली, लाडवातली मेथी ही अन्न आहे. तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. कॅप्सूलमधली, दिवसातून तीनदा घेतलेली मेथी ही औषध होते. तिच्यातील एका सुगंधी द्रव्यामुळे आईच्या घामाला आणि बाळाच्या लघवीला जळलेल्या साखरेसारखा गोड वास येतो. ‘मेपल सिरप युरिन डिसीज’ नावाच्या दुर्मीळ, प्राणघातक आनुवंशिक विकारातही अगदी असाच वास असतो. इस्रायलमधील डॉक्टरांनी २००१ मध्ये नोंदविले की प्रसूतीपूर्वी मेथी घेतलेल्या मातेच्या नवजात बाळाला असा वास आला आणि तो विकार असल्याचा संशय निर्माण झाला. बाळ ठणठणीत होते; वास मेथीचा होता. आईने काय खाल्ले हे प्रथमच सांगितले गेले तर अशी धावपळ वाचते. मेथीने रक्तातील साखर उतरते, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्या मातेला अचानक घाम फुटून गरगरू शकते. शेंगदाणा वा हरभऱ्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मेथीही बाधू शकते, कारण तिघांचे कूळ एक.

हृदयाची झडप बदललेल्या आणि रक्त पातळ ठेवण्याची वॉरफॅरिन ही गोळी घेणाऱ्या तरुण स्त्रिया महाराष्ट्रात थोड्या नाहीत. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने त्यांच्या झडपा खराब झालेल्या असतात. वॉरफॅरिन दुधात जवळजवळ उतरत नाही, म्हणून ती स्तनपानात चालते. पण तिच्या जोडीला मेथी, लसूण, आले यांची केंद्रित औषधे घेतली तर रक्त गरजेहून पातळ होऊ शकते. येथे धोका बाळाला नसून आईला आहे, आणि बाळंतपणातील रक्तस्राव ही थट्टेची बाब नव्हे.

मात्रेचा मुद्दा सर्वांत स्पष्ट करणारी घटना इटलीतील आहे. १९९४ मध्ये तेथील डॉक्टरांनी दोन नवजात बालकांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. दोन्ही बाळे मलूल, अंग सैल, दूध ओढण्यास नाखूश, रडणे क्षीण. जंतुसंसर्ग सापडेना. चौकशीअंती कळले की दोन्ही माता दूध वाढावे म्हणून रोज दोन लिटरहून अधिक वनस्पतींचा चहा पीत होत्या. त्यात ज्येष्ठमध, बडीशेप, शोपाचा एक प्रकार आणि आणखी एक युरोपीय वनस्पती होती. चहा थांबविला आणि काही काळ स्तनपानही. एक-दीड दिवसात बाळे सुधारली. जेवणानंतर चिमूटभर बडीशेप चघळणाऱ्या मातेने हे वाचून घाबरावे असे काही नाही. बडीशेप तीच, प्रमाण मात्र शंभरपट.

वनस्पतीची ओळख चुकली तर काय होते, हे चक्रफुलाने दाखविले. मसाल्यात पडणारे चक्रफूल निरुपद्रवी. पण त्याचा जपानी भाऊबंद दिसायला हुबेहूब तसाच आणि झटके आणणारे विष बाळगणारा. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रफुलाच्या चहाविरुद्ध इशारा दिला, तेव्हा आजारी पडलेल्या सुमारे ४० जणांत १५ तान्ही मुले होती. पोटदुखीवर घरगुती उपाय म्हणून तो चहा त्यांना पाजला गेला होता.

उलट दिशेनेही वनस्पती काम करतात. दक्षिण भारतात दूध आटविण्यासाठी मोगऱ्याच्या माळा स्तनांवर बांधण्याची जुनी रीत आहे. वेल्लोर येथील डॉक्टरांनी ती तपासून पाहिली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध केले की मोगऱ्याची फुले ब्रोमोक्रिप्टिन या गोळीच्या तोडीने दूध आटवतात. लोकज्ञानाची अशी रीतसर तपासणी होते तेव्हा मनाला समाधान वाटते. केसांत गजरा माळणाऱ्या मातेने चिंता करू नये. फुलांची माळ दिवसरात्र स्तनावर बांधणे ही गोष्ट निराळी.

आसव-अरिष्टांविषयी संकोच न ठेवता बोलले पाहिजे. दशमूलारिष्टासारख्या औषधांत आंबविण्याच्या क्रियेतून मद्यार्क आपोआप तयार होतो आणि त्याची टक्केवारी बाटलीवर छापलेली असते. मद्य वर्ज्य मानणाऱ्या घरांतही ही बाटली औषध म्हणून निःशंकपणे येते. मद्यार्क रक्तात जेवढा असतो साधारण तेवढाच दुधात असतो आणि रक्तातून ओसरला की दुधातूनही ओसरतो. वैद्यांनी सांगितलेले चार चमचे अरिष्ट समभाग पाण्यातून घेतल्यास मद्यार्काचे प्रमाण अल्प असते. पाजून झाल्यावर लगेच घेतले आणि दीड-दोन तासांनी पुन्हा पाजले तर बाळापर्यंत नगण्य अंश जातो. मात्र ‘दुप्पट घेतले तर दुप्पट गुण’ हे गणित येथे लावू नये.

यापेक्षा कितीतरी गंभीर प्रश्न जड धातूंचा आहे. २००४ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. २००८ मध्ये त्याच गटाने इंटरनेटवरून मागविलेली १९३ औषधे तपासली, तेव्हाही सुमारे पाचव्या हिश्श्यात धातू आढळले. धातू-खनिजयुक्त रसौषधींत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास, तर केवळ वनस्पतिजन्य औषधांत सुमारे १७ टक्के. शिसे हाडांत दडून राहते आणि गरोदरपणात व स्तनपानात, हाडांतील कॅल्शियम बाळासाठी बाहेर पडू लागते तेव्हा, त्याच्यासोबत पुन्हा रक्तात येते. म्हणजे लग्नाआधी वर्षभर घेतलेल्या एखाद्या भस्माचा हिशेब बाळाच्या वाढत्या मेंदूला चुकवावा लागू शकतो. शिशाची बाळासाठी सुरक्षित अशी पातळी ठरलेली नाही. ज्या नावात भस्म, रस, सिंदूर, पारद असे शब्द आहेत ते औषध स्तनपानाच्या काळात तज्ज्ञ वैद्याच्या लेखी सल्ल्यावाचून घेऊ नये, असे स्पष्ट म्हणण्यास हरकत नसावी. हळदीचेही तसेच. बांगलादेशात पिवळेपणासाठी हळदीत लेड क्रोमेट मिसळले जात असल्याचे २०१९ मध्ये उघड झाले. बाळंतिणीच्या हळदीच्या दुधासाठी भडक पिवळी सुटी पूड आणण्यापेक्षा हळकुंड आणून घरी दळलेले बरे.

अलीकडच्या काळात गुळवेल आणि अश्वगंधा घरोघर पोहोचल्या त्या कोरोनाच्या साथीत. २०२० च्या अखेरच्या महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला सूज आल्याचे पाहिले आणि २०२१ मध्ये ते प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यास हरकत घेतली; गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी, असा मुद्दा मांडला गेला. वाद कोणाच्याही बाजूने मिटो. बाळंतिणीच्या दृष्टीने दोन्ही म्हणणी एकाच ठिकाणी येतात, कारण कुंपणावरची कोणती वेल खरी हे तिला ओळखता येत नाही. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांतून आल्या आहेत आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. स्तनपानात ती सुरक्षित आहे असे सांगणारा भरवशाचा अभ्यास नाही. ‘शांत झोप लागते’ म्हणून तान्ह्या बाळाच्या आईने ती घेऊ नये.

बद्धकोष्ठ ही बाळंतिणीची नित्याची तक्रार. इसबगोल आतड्यातून शोषलाच जात नाही, तेव्हा दुधात जाण्याचा प्रश्न नाही. पाणी भरपूर प्यावे एवढेच. सोनामुखी प्रमाणित मात्रेत थोडे दिवस घेतल्यास बाळाला त्रास होत नाही. कोरफडीचा कडू, पिवळा चीक मात्र टाळावा. त्याने बाळाला जुलाब होऊ शकतात.

पोटात न घेतलेली औषधेही बाळाच्या पोटात जातात. छातीवर चोळलेला कापूरयुक्त बाम बाळ थेट चाटते आणि कापराचा अल्पसा अंशही तान्ह्याला झटके आणू शकतो. स्तनाग्रांना भेगा पडल्यास शेवटी उरलेले स्वतःचे दूध लावून वाळू द्यावे. वेखंड-सुंठेचे लेप तेथे नकोत.

बाळगुटीचा विषय निघाला की सभेत कुजबुज होते, आणि ती स्वाभाविक आहे, कारण तेथे आजीच्या मायेला धक्का लागतो. पण गुटी ही दुधावाटे जाणारी वस्तू नव्हे. ती थेट बाळाच्या जिभेवर जाते, तेव्हा दुधाची गाळणीही मध्ये राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये असे सांगते. डॉक्टरांनी दिलेली औषधे व जीवनसत्त्वांचे थेंब तेवढे अपवाद. भारत सरकारच्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिन्यांखालील केवळ ६३.७ टक्के बाळे निव्वळ स्तनपानावर होती. गुटीतील वेखंडात बीटा-असारोन नावाचे द्रव्य असते. उंदरांवरील प्रयोगांत त्याने अर्बुदे झाल्यामुळे अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंडावर बंदी घातली. जायफळाचा एखादा वेढा जास्त पडला तर बाळ गुंगते, आणि घरातील माणसांना वाटते, बाळ छान झोपले. सहाण, पाणी, उगाळणारे बोट, यांतून येणारे जंतू तर मोजलेलेच नसतात. गुटी चाटविण्यासाठी मध वापरण्याचीही रीत आहे. जैन घरांत मध तसाही वर्ज्य. अन्य घरांनी ध्यानात घ्यावे की वर्षाखालील बाळाला मधातून बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. आजीला गुटीऐवजी बाळाला न्हाऊ-माखू घालण्याचे, तेल लावण्याचे, मांडीवर घेण्याचे काम पूर्णपणे सोपवावे. त्यात तिच्या हाताला जोड नाही.

आता या सर्वांहून महत्त्वाची, आणि काटेकोर शाकाहारी कुटुंबांशी थेट निगडित अशी गोष्ट. बाळंतपणानंतर थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, चेहरा फिका पडतो. आणि मग ‘शक्तीसाठी’ एखादे रसायन, एखादा अवलेह सुरू होतो. चव चांगली, मनाला बरे वाटते, महिने जातात. या लक्षणांमागे पुष्कळदा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. ते जीवनसत्त्व कोणत्याही मुळात, पानात वा सालीत नसते. शाकाहारात त्याचा आधार दूध-दह्याचा, आणि तोही अनेकदा अपुरा पडतो. आईत ते कमी तर दुधातही कमी. अशा दुधावरच वाढणारे आणि वरचे अन्न उशिरा सुरू झालेले बाळ प्रथम गुबगुबीत, शांत दिसते. मग साधारण सहा महिने ते दीड वर्षाच्या दरम्यान ते हसेनासे होते, बसत होते ते बसेनासे होते, केस विरळ व भुरे होतात, त्वचेवर काळसर छटा येते आणि एके दिवशी हात, मान, जीभ थरथरू लागते. भारतीय बालरोगतज्ज्ञ याला ‘इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम’ या नावाने ओळखतात. उपचाराने थरथर थांबते. हरवलेले महिने मेंदूला पूर्ण परत मिळतीलच असे नाही. रक्ताची एक तपासणी आणि स्वस्तातील गोळ्या वा इंजेक्शन यांनी हे टळते. येथे वनौषधीने विष दिले नाही. तिने वेळ खाल्ला. दवाखान्यांत दिसणाऱ्या हानीत हा प्रकार कमी नाही, आणि त्याची नोंद कोणत्याही औषधाच्या खात्यावर पडत नाही.

याचा अर्थ बाळंतिणीची फळी रिकामी करावी असा नव्हे. डिंकाचा लाडू, हळिवाची खीर, मेथीची भाजी, ओव्याचे पाणी, जेवणातील सुंठ, हे सारे अन्नाच्या प्रमाणात आनंदाने चालू द्यावे. त्या निमित्ताने घरच्यांचे लक्ष आईच्या ताटाकडे राहते, हा लाभ लहान नाही. औषध म्हणून घ्यावयाचे ते मात्र एका वेळी एकच सुरू करावे आणि चार-पाच दिवस बाळाकडे पाहावे. दूध ओढताना ते पूर्वीसारखे जागे आहे का, अंगावर पुरळ, पातळ शौच, अकारण किरकिर वा नवी सुस्ती आहे का? बाळ उठवूनही उठेना, दूध ओढेना, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागला तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे. स्तनपान मात्र स्वतःच्या मनाने तोडू नये. बहुतेक वेळा औषध थांबविणे पुरते.

दवाखान्यात जाताना त्या फळीवरील प्रत्येक बाटली, बरणी आणि पुडी पिशवीत घालून सोबत न्यावी, रिकामी झालेलीही. लेबलवर निर्मितीचा परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी आणि मुदत आहे का ते पाहावे. हातगाडीवरची, ओळखीच्या कोणीतरी दिलेली, नाव नसलेली पुडी असेल तर तीही न लाजता पुढे ठेवावी. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी शासकीय यंत्रणा देशात आहे. तिचे राष्ट्रीय केंद्र नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत चालते आणि कोणताही वैद्य वा डॉक्टर तेथपर्यंत माहिती पोहोचवू शकतो. त्यासाठी बाटलीवरचा बॅच क्रमांक लागतो, म्हणून त्रास झाल्यावर रागाच्या भरात बाटली फेकून देऊ नये.